एका मुंडक्याची किंमत : छिन आणि हान काळातल्या वीस पदव्यांचा हिशेब

प्राचीन चीनमधल्या सरदारी पदव्या शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी पाच नावांची यादी पुढे येते : गोंग, हौ, बो, झी आणि नान. यादी खरी आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर सगळ्यात रंजक भाग हातचा जातो. इ.स.पू. चौथ्या शतकात छिन राज्याने वीस पायऱ्यांची एक वेगळीच शिडी उभी केली आणि तिच्या खालच्या पायऱ्यांवर शेतकऱ्याच्या पोरालाही चढता येत होतं. तिथे पदवी म्हणजे मिरवायचं बिरुद नव्हतं. ती सरकारदरबारी नोंदलेली जमा होती. त्या जमेवर जमीन मिळे, घराची जागा मिळे, वेठीतून सुटका होई, शिक्षा हलकी होई, प्रवासात पानात काय पडणार हेही ठरे. पुढे हान सम्राटांनी हीच जमा हात सैल सोडून वाटली आणि विकली. तेव्हा तिचं काय झालं, तेही आकड्यांत दिसतं.

आधी त्या पाच नावांचं थोडक्यात. छिनच्या आधीच्या झोऊ राजघराण्याच्या हाताखालच्या राज्यकर्त्यांच्या या श्रेणी. मन्शियस या जुन्या चिनी तत्त्वज्ञाने त्यांचा हिशेब दिला आहे : गोंग आणि हौ यांना चौफेर १०० ली (अंतराचं जुनं चिनी माप) मुलूख, बोला ७०, झी आणि नान यांना ५०. त्याहून लहान असेल तो कुणा मोठ्याच्या पदराला बांधलेला. हे चित्र फार नीटनेटकं आहे आणि म्हणूनच त्यावर पूर्ण विश्वास टाकू नये. काशाच्या भांड्यांवरच्या कोरीव लेखांत या पदव्या इतक्या शिस्तीत येत नाहीत. चू राज्याच्या प्रमुखाने इ.स.पू. ७०४ मध्येच स्वतःला राजा म्हणवून घेतलं, पण लू राज्याच्या बखरीत शेवटपर्यंत त्याची नोंद ‘झी’ अशीच होत राहिली. उलट, पदवी कोणतीही असो, मेल्यावर राज्यकर्त्याला ‘गोंग’ म्हणायची रीत होती. त्यामुळे जुन्या ग्रंथात कुणा गोंगचं नाव आलं की तो पहिल्या श्रेणीचाच होता असं धरून चालू नये.

दर्जा मोजायची दुसरी रीत भांड्यांची. राजाला नऊ तिपाई हंडे आणि आठ धान्यपात्रं, राज्यकर्त्याला सात आणि सहा, मंत्र्याला पाच आणि चार, साध्या योद्ध्याला तीन आणि दोन. हूपे प्रांतात स्वेईझोऊला १९७८ साली झंग राज्याच्या ‘यी’ नावाच्या हौची कबर उघडली. ६५ घंटांच्या संचामुळे ती जगभर गाजली, पण पदव्यांच्या अभ्यासकाने आधी हंडे मोजावेत. तिथे नऊ हंडे आणि आठ पात्रं आहेत. लहानशा राज्याचा हौ राजाच्या थाटात पुरला गेला होता. इ.स.पू. पाचव्या शतकात नियम होते, ते पाळायला लावणारं कुणी उरलं नव्हतं.

छिनमध्ये शांग यांग हा सुधारक मंत्री आला तो या पार्श्वभूमीवर. इ.स.पू. ३५६ पासून त्याने ज्या सुधारणा लावल्या, त्यांत एक नियम राजघराण्याच्या वर्मी लागला : लढाईतली कामगिरी नसेल तर राजाच्या भाऊबंदांचीही नावं घराण्याच्या नोंदवहीत राहणार नाहीत. आणि कामगिरी मोजायचं एकक होतं मुंडकं. शत्रूच्या चिलखती योद्ध्याचं एक मुंडकं आणलं तर एक पायरी पदवी, एक छिंग जमीन (१ छिंग म्हणजे १०० मू), नऊ मू घरजागा आणि हाताखाली एक माणूस. हा माणूस पदवी नसलेल्यांमधून मिळायचा आणि एरवी महिन्याला सहा दिवस काम करायचा. पदवीधारक मोहिमेवर निघाला की त्यानेही सोबत जाऊन त्याची सोय बघायची. मेल्यानंतरही हिशेब संपत नसे. थडग्यावर एका पायरीला एक झाड.

शिडी खालून वर अशी होती : गोंगशी, शांगझाओ, झान्याओ, बूगंग (१ ते ४), दाफू, ग्वान-दाफू, गोंग-दाफू, गोंगशंग, वू-दाफू (५ ते ९), डावा आणि उजवा शूझांग, मग डावा, मधला आणि उजवा गंग, धाकटा आणि थोरला शांगझाओ, चौघोडी रथाचा शूझांग, थोरला शूझांग (१० ते १८), आणि सगळ्यात वर ग्वान्नेई-हौ (१९) व छ-हौ (२०). नावं पाठ करायची गरज नाही. लक्षात ठेवायच्या त्या दोन फटी, चौथी-पाचवी यांमधली आणि नववी-दहावी यांमधली. ‘दाफू’ हा शब्द झोऊ काळात मानाच्या अधिकाऱ्यासाठी होता, इथे तो नुसती पाचवी पायरी आहे. काळ न बघता वाचलं की इथे हमखास गल्लत होते.

वरपर्यंत चढता येत होतं याचा उत्तम नमुना म्हणजे सेनापती बाई छी. इ.स.पू. २९४ मध्ये तो डावा शूझांग, दहावी पायरी. २९३ मध्ये यीछ्वेच्या लढाईच्या वर्षी डावा गंग, म्हणजे बारावी. २९२ मध्ये थेट सोळावी. पुढे चूची राजधानी घेतल्यावर ‘वूआनचा स्वामी’ हा किताब. आणि २५७ मध्ये राजाची मर्जी फिरली तेव्हा एका हुकमात तो ‘शीवू’ झाला. शीवू म्हणजे पदवी नसलेला साधा शिपाईगडी. पायऱ्या एकेक करून उतरायची भानगड नाही, पाटी एकदम कोरी. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला आत्महत्या करायला लावलं.

मुंडकी मोजायची कशी?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सगळी व्यवस्था एका मोजणीवर उभी असेल तर लबाडीही तिथेच होणार. कापलेली मुंडकी तीन दिवस उघड्यावर मांडून तपासली जात आणि शंका उरली नाही तरच सेनापती पदवी पक्की करी. शंभरांच्या तुकडीच्या नायकाचं माप वेगळं होतं. त्याची स्वतःची तलवार मोजली जात नसे. तुकडीने मिळून ३३ किंवा जास्त मुंडकी आणली की त्याला एक पायरी. नायक स्वतःच मुंडक्यांमागे धावू लागला तर तुकडी कोण सांभाळणार, हे त्यामागचं उघड कारण. पूर्ण सैन्याच्या कामगिरीलाही उंबरठा होता : शहराला वेढा घातला तर ८,०००, मोकळ्या मैदानातल्या लढाईत २,०००. तो ओलांडला की अधिकाऱ्यांना बढत्या. आणि पाचांच्या गटातला एक गमावला तर उरलेल्या चौघांना शिक्षा. एक मुंडकं आणून ती फेडता येई. थोडक्यात, हिशेब नफ्याचा होता, नुसत्या जमेचा नव्हे.

यात काय बिघडत असे ते हूपेमधल्या युनमंग इथे १९७५ साली श्वेईहूदीच्या ११ क्रमांकाच्या कबरीत सापडलेल्या बांबूपट्ट्यांत दिसतं. कबर ‘शी’ नावाच्या एका छिन कारकुनाची होती आणि त्याच्यासोबत हजाराहून जास्त पट्ट्या पुरल्या होत्या, बहुतेक कायद्याच्या. त्यातल्या चौकशीच्या नमुन्यांत शिंगछ्यूच्या लढाईतली प्रकरणं आहेत. एकात एका सैनिकाने दुसऱ्यावर वार करून त्याच्या हातचं मुंडकं हिसकावलं. दुसऱ्यात एकाच मुंडक्यावर दोघांचा दावा. अधिकारी जखमांचं वर्णन लिहून घेतो आणि पुढे छावणीत पत्र पाठवतो : कुणाच्या गटातला माणूस बेपत्ता असेल तर त्याने येऊन हे मुंडकं ओळखावं. या एका ओळीत सगळं आलं. आपलाच सोबती मारून त्याचं मुंडकं शत्रूचं म्हणून खपवलं जाईल ही भीती इतकी खरी होती की चौकशीच्या साच्यात तिला कायमची जागा मिळाली.

हान काळात पद्धत तीच राहिली आणि काटेकोरपणाही. युनझोंगचा सुभेदार वेई शांग याने शिओंगनू टोळ्यांशी चांगली झुंज दिली, पण कळवलेल्या आकड्यात आणि प्रत्यक्ष मुंडक्यांत सहाचा फरक निघाला. सम्राट वेन्‌च्या अधिकाऱ्यांनी त्याची पदवी काढून घेऊन त्याला सक्तमजुरीला लावलं. फंग थांग नावाच्या एका म्हाताऱ्या दरबाऱ्याने सम्राटालाच तोंडावर ऐकवलं तेव्हा तो सुटला. सेनापती ली ग्वांगचं दुखणं निराळं. इ.स.पू. १२१ च्या मोहिमेत त्याचे ४,००० घोडेस्वार वेढ्यात सापडले, जवळपास सगळे गेले, आणि मारलेल्या शत्रूंची संख्याही तेवढीच भरली. जमा-खर्च सारखा, म्हणून बक्षीस शून्य. हाताखाली लढलेले कितीतरी जण हौ झाले, म्हणजे शिडीच्या टोकाला पोचले, हा आयुष्यभर लढून झाला नाही. लोक याला नशिबाचा खेळ म्हणतात. मला तो हिशेबाच्या नियमाचा सरळ परिणाम वाटतो.

एका पायरीला मिळे काय?

याचं सगळ्यात सविस्तर उत्तर हूपेमधल्याच झांगज्याशानच्या २४७ क्रमांकाच्या कबरीतून आलं. तिथले कायदे इ.स.पू. १८६ चे आहेत. जमिनीचं प्रमाण असं : पदवी नसलेल्या कुटुंबप्रमुखाला १ छिंग, गोंगशीला दीड, शांगझाओला २, झान्याओला ३, बूगंगला ४, दाफूला ५, मग ७, ९, आठव्या पायरीच्या गोंगशंगला २० आणि नवव्या वू-दाफूला २५. दहाव्या पायरीला एकदम ७४. तिथून दर पायरीला दोन-दोनने वाढत सतराव्याला ८८, अठराव्याला ९० आणि ग्वान्नेई-हौला ९५. त्या काळचा छिंग साधारण ११ एकरांचा. म्हणजे साध्या शेतकऱ्याला ११ एकर, गोंगशंगला सव्वादोनशेच्या वर आणि अठराव्या पायरीला हजार एकर. छ-हौचं नाव या यादीत नाही, कारण त्याच्याकडे अख्खा तालुका असे.

घरजागाही याच ओघात. एक जागा म्हणजे तीस पावलं लांब, तीस पावलं रुंद, आजच्या मापात जवळपास १७ गुंठे. पदवी नसलेल्याला अशी एक, गोंगशीला दीड, वू-दाफूला २५, छ-हौला १०५. तीस गुणिले तीस म्हणजे ९०० चौरस पावलं, आणि जुना, लहान मू १०० चौरस पावलांचा, म्हणजे बरोबर नऊ मू. शांग यांगच्या नियमातले नऊ मू ते हेच. दीडशेहून जास्त वर्षं आणि एक राजवट ओलांडून माप तसंच टिकलं.

पण हे आकडे वाचून प्रत्येक दाफू ५७ एकरांचा मालक होता असं समजू नये. ही हक्काची मर्यादा होती, मिळालेल्या जमिनीचा दाखला नव्हे. कायद्यातच पुढे प्रतीक्षायादीचा नियम आहे : ज्यांना जमीन मिळाली नाही त्यांची नावं कुटुंबनोंदणीच्या तारखेप्रमाणे लावा, जुना आधी. तारीख एक असेल तर पदवी बघा. सरकारजमा झालेली जमीन आली की यादीप्रमाणे वाटा. ज्या कायद्यात प्रतीक्षायादी आहे तिथे टंचाई आहे, हे वेगळं सांगायला नको. त्यात इ.स.पू. २०२ मध्ये हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांगने सैन्य घरी पाठवताना दाफूच्या खाली असलेल्या सगळ्यांना एका फर्मानाने दाफू केलं होतं आणि आधीच दाफू किंवा वर असलेल्यांना एकेक पायरी चढवलं होतं. इतक्या लोकांना पाच-पाच छिंग कुठून देणार?

जमीन मिळो न मिळो, रोजच्या व्यवहारात पदवी चोख काम करी. सरकारी कामावर प्रवास करणाऱ्यांच्या शिध्याचा छिनचा नियम बघा. तिसऱ्या-चौथ्या पायरीला एक दोऊ (सुमारे दोन लिटर) चांगलं सडलेलं धान्य, अर्धा शंग म्हणजे जवळपास १०० मिली आंबवलेली चटणी, भाजीचं कढण, शिवाय जनावराला गवत आणि कडबा. पहिल्या-दुसऱ्या पायरीला आणि पदवी नसलेल्या कारकुनाला तेवढंच धान्य, पण भरड. कढण आहे, चटणी नाही. तिच्याऐवजी एका शंगचे बावीस भाग करून त्यातले दोन भाग मीठ, म्हणजे तीन-साडेतीन चहाचे चमचे. मिठाचे बाविसावे भाग मोजणारं सरकार मुंडक्यात सहाची चूक सोडेल कशी!

वयाच्या अटींतही पदवी मुरली होती. मुलाची वेठीसाठी नोंद कधी करायची हे बापाच्या पायरीवरून ठरे : चौथ्या किंवा त्याखालच्या पायरीच्या मुलाची विसाव्या वर्षी, पाच ते नऊ असेल तर बाविसाव्या, त्याहून वर चोविसाव्या. सुटका उलट्या क्रमाने : दाफू आणि वरच्यांना ५८ व्या वर्षी, बूगंगला ६२, मग ६३, ६४, गोंगशीला ६५ आणि पदवी नसलेल्याला ६६. सरकारकडून म्हातारपणाची काठी मिळायचं वयही असंच, दाफूला ७० तर साध्या माणसाला ७५. त्या काळात किती शेतकरी ६६ पर्यंत जगत असतील याचा विचार केला तर एकेका वर्षाचं मोल कळतं.

शिक्षेतली सवलत मात्र खरी मोठी होती. नाक कापणं, पाय तोडणं, चेहऱ्यावर गोंदणं अशा शिक्षा तेव्हा सर्रास होत्या. दुसऱ्या पायरीपासून वरच्यांना आणि त्यांच्या बायकांना यातून सूट. त्याऐवजी पुरुषाला देवकार्यासाठी लाकडं तोडायची आणि बाईला तांदूळ निवडायची सक्तमजुरी. पहिल्या पायरीला इतकंच की अंग शाबूत राहील. मारामारीचा दंडही ठरलेला : जखम नसेल तर बरोबरीच्या किंवा खालच्याला मारल्याबद्दल दोन ल्यांग सोनं, वरच्या पदवीच्या माणसावर हात टाकला तर चार. एक ल्यांग साडेपंधरा ग्रॅमचा.

आणि पदवी परतही करता येई. छिनच्या कायद्यात दोन पायऱ्या सोडून सरकारी गुलाम असलेल्या आईला किंवा बापाला सोडवता येत असे. स्वतः गुलाम असलेल्या माणसाने लढाईत मुंडकं मिळवून गोंगशी पदवी कमावली तर ती परत करून तो गुलामीतल्या आपल्या बायकोला मोकळं करू शके. पूर्ण कायद्यात मला सगळ्यात महत्त्वाचं कलम हेच वाटतं, कारण पदवीचा विनिमयदर त्यात उघड लिहिलेला आहे.

वारशाचं गणित

पुढच्या पिढीचं काय? ही वतनदारी नव्हती. अंथरुणात मेलेल्याचा वारस खाली उतरायचा आणि किती उतरायचा हे ठरलेलं होतं. दहाव्यापासून अठराव्यापर्यंत बाप कुणीही असो, वारस थेट आठव्या पायरीवर. नवव्याचा सातव्यावर, आठव्याचा सहाव्यावर, असं दोन-दोनने खाली. शांगझाओ आणि गोंगशी यांच्या वारसाला काहीच नाही. एका थोरल्या शूझांगचा वंश धरून चालू. तो अठरावा, मुलगा आठवा, नातू सहावा, पणतू चौथा, त्याचा मुलगा दुसरा आणि त्याच्यापुढे कोरी पाटी. जमिनीचा हक्क त्याच क्रमाने ९०, २०, ७, ४, २, १ छिंग. मधल्या कुणीच काही कमावलं नाही तर हजार एकरांचं घराणं सहाव्या पिढीत शेजारच्या शेतकऱ्याइतकं. सरकारला नेमकं हेच हवं होतं. उतरती कळा कायद्यातच घातली की पुढच्या पिढीला लढायला जावंच लागतं आणि वाटायला जमीनही मोकळी होते.

याला दोन अपवाद. एक, सरकारी कामात मेलेला. त्याचा वारस पूर्ण पदवी घेई, आणि जखमी होऊन वीस दिवसांच्या आत मेला तरी तो कामावर मेला असं धरत. अशा माणसाला पदवीच नसेल तर वारस गोंगशी होई. मुलगा नसेल तर मुलगी, मग बाप, आई, भाऊ, बहीण आणि शेवटी बायको असा क्रम होता. बायको सगळ्यात शेवटी, हे आजच्या वाचकाला खटकेल. पण नवरा हयात असेपर्यंत तिचा दर्जा त्याच्या पदवीइतकाच धरला जाई. दुसरा अपवाद वरच्या दोन पायऱ्या. हौचा मुलगा हौच.

म्हणून हौंना आवरायला वेगळी युक्ती लागली. ल्यू बांगने साथीदारांतून १४३ हौ केले. सगळ्यात मोठ्यांकडे दहा हजारांच्या आसपास कुटुंबं, लहानांकडे पाच-सहाशे. त्साओ शनला १०,६०० आणि झांग ल्यांगला १०,०००. झांग ल्यांगला खरं तर ३०,००० कुटुंबांचा मुलूख देऊ केला होता, त्याने नम्रपणे तो नाकारला आणि म्हातारा होऊन मेला. त्या मंडळींत हे सगळ्यांना साधलं नाही. उत्पन्नाचा ठोकताळा वर्षाला दर कुटुंबामागे २०० नाणी. हजार कुटुंबांचा हौ म्हणजे दोन लाख नाणी, आणि दरबारातली हजेरी, नजराणे, भेटी सगळं त्यातूनच.

नजराण्यातच मेख होती. दरवर्षी आठव्या महिन्यात पूर्वजांच्या मंदिरातल्या मद्यविधीसाठी हौंनी सोनं द्यायचं : आपल्या मुलखातल्या हजार माणसांमागे चार ल्यांग, आणि वरची शिल्लक पाचशेच्या पुढे गेली तर तिचेही चार ल्यांग. इ.स.पू. ११२ मध्ये सम्राट वू दक्षिणेकडच्या नानयुएवर सैन्य पाठवत होता आणि हौंपैकी कुणीही लढायला पुढे आलं नाही. त्या वर्षी सोनं काट्यावर चढलं. कुणाचं वजन कमी, कुणाचा कस हिणकस. १०६ हौंची पदवी एका झटक्यात गेली आणि वेळीच कळवलं नाही म्हणून महामंत्री झाओ झोऊ तुरुंगात टाकला गेला, तिथे त्याने जीव दिला. वजन खरंच कमी असेलही, पण आदल्या वर्षांत काटा इतका बारीक कुणी बघितला नव्हता. ल्यू बांगच्या त्या १४३ घराण्यांपैकी शंभर वर्षांनी पाचच हौ उरले होते.

खालच्या पायऱ्यांचं मातेरं वेगळ्या रीतीने झालं. विक्री छिननेच सुरू केली होती : इ.स.पू. २४३ मध्ये टोळधाड आणि रोगराई आली तेव्हा हजार मापं धान्य द्या, एक पायरी घ्या (एक माप सुमारे २० लिटर). सम्राट वेन्‌च्या काळी छाओ त्सो या दरबाऱ्याने सीमेवरच्या सैन्यासाठी धान्य गोळा करायला दरपत्रक मांडलं : शांगझाओ ६०० मापं, वू-दाफू ४,०००, थोरला शूझांग १२,०००. त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. पदवी सम्राटाच्या तोंडून निघते, ती संपत नाही. धान्य शेतात पिकतं, तेही संपत नाही. दुसरं अर्धं बरोबर होतं.

नाण्यांतला भावही बघण्यासारखा आहे. इ.स.पू. १९४ मध्ये देहदंड टाळायला तीस पायऱ्या विकत घ्याव्या लागत. शिडी वीसच पायऱ्यांची आहे हे लक्षात घ्या, इथे पायरी म्हणजे निव्वळ चलन झालं होतं. एका जुन्या भाष्यकाराने भाव दिला आहे, दर पायरीला २,००० नाणी, एकूण ६०,०००. इ.स.पू. १८ मध्ये सरकारनेच विक्री काढली तेव्हा पायरी १,००० नाण्यांना होती. शिवाय फुकट वाटप चालूच होतं. नवा सम्राट गादीवर आला, युवराज नेमला, शुभशकुन दिसला, की राज्यातल्या पुरुषांना एक पायरी आणि दर शंभर घरांतल्या बायकांना बैल आणि मद्य. अशी वाटपं दोन्ही हान राजवटींत कितीतरी वेळा झाली. प्रत्येक खेपेला पायरी वाढे, जमीन तेवढीच राही. मग सरकारने खऱ्या सवलतींचा उंबरठाच वर सरकवला. वेठीतून सूट नवव्या पायरीपासून, आणि सामान्य माणसाला आठव्याच्या वर जायला बंदी. इ.स. ५७ च्या फर्मानात स्पष्ट आहे की गोंगशंगच्या वर पायरी भरली तर जास्तीची मुलाला, भावाला किंवा पुतण्याला द्यावी. फुकट वाटलेल्या पायऱ्यांनी कुणी नववा उंबरठा ओलांडणार नाही याची ही सोय.

जमिनीखालून निघालेल्या नोंदवह्या एकापुढे एक ठेवल्या की घसरण स्वच्छ दिसते. हुनानमधल्या लीये इथे २००५ साली जुन्या खंदकात सापडलेल्या छिन काळच्या कुटुंबनोंदी घ्या. घरचा प्रमुख बूगंग, त्याआधी ‘जिंग’ म्हणजे चूचा अशी खूण, आणि लहान मुलाच्या नावापुढे ‘छोटा शांगझाओ’. जिंकलेल्या मुलखातल्या माणसाचीही पायरी जपून लिहिलेली, कारण तिच्यावर काही ना काही अवलंबून होतं. नंतर वायव्य सीमेवरच्या ज्यूयेनच्या हान काळातल्या पट्ट्या : पहाऱ्यावरच्या शिपायाचा तालुका, वस्ती, पदवी, नाव, वय, आणि पदवीच्या जागी पुन्हापुन्हा गोंगशंग. इ.स.पू. १८६ च्या कायद्याने हा माणूस सव्वादोनशे एकरांचा हक्कदार, प्रत्यक्षात तो वाळवंटातल्या बुरुजावर पाळी करतोय. आणि छांगशाला १९९६ साली विहिरीतून निघालेल्या तिसऱ्या शतकातल्या वू राज्याच्या नोंदींत वस्तीच्या वस्ती गोंगशंग आहे. प्रमुख गोंगशंग, मुलगा गोंगशंग, मिसरूड न फुटलेला पोरगाही गोंगशंग. कारकून तो शब्द नाव आणि वय यांच्या आधी सवयीने लिहितो आणि करआकारणीच्या रकान्याकडे वळतो.